दुसरा एम

परवा ‘अकोमोडेशन’ शब्द मी एकाच एमने लिहिला. संगणकाने खाली लाल रेघ ओढली आणि लखनौचं भाड्याचं घर आठवलं.

बाबा सरकारी कारकून. क्वार्टरसाठी अर्ज लिहिताना त्यांनी विचारलं, “बेटा, यात एम दोन ना?”

मी सहावीत, इंग्रजी शाळेतली. ठसक्यात म्हणाले, “एकच!” बाबांनी नवा कागद घेऊन अर्ज पुन्हा लिहिला.

संध्याकाळी बाबा अर्ज परत घेऊन आले. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “पहले स्पेलिंग सीखिए, फिर मकान माँगिए.”

आईने विचारलं, “तुम्हाला तर येत होतं ना?”

मी शेजारीच उभी होते. बाबा म्हणाले, “माझंच चुकलं.”

त्यानंतर बाबांनी मला कधीच स्पेलिंग विचारलं नाही.