खाली सही सरांची

आमच्या ताईनं लिहिलेली शिफारसपत्रं घेऊन आजवर एकशेचाळीसेक मुलं इंग्रजी साहित्याच्या पुढच्या शिक्षणाला गेली. एकाही पत्राखाली तिचं नाव नाही. ती कॉलेजच्या इंग्रजी विभागात कारकून आहे आणि सही असते विभागप्रमुख सरांची. मुलगा पत्र मागायला गेला की सर मान वर न करता म्हणतात, "मॅडमना सांग, त्या लिहितील, मी सही करतो." गेली एकोणीस वर्षं हेच चाललंय. मुलं तिला पत्रवाल्या मॅडमच म्हणतात.

ती पत्र उरकून टाकत नाही, हा तिचा दोष. मुलाला टेबलाशेजारच्या स्टुलावर बसवते, अलीकडे काय वाचलंस विचारते आणि तासभर त्याला बोलू देते. मग लिहायला घेते. कुठल्या विद्यापीठात कोण काय शिकवतं, कुठला मार्गदर्शक खरंच पानं वाचतो आणि कुठे मुलं सहा-सहा वर्षं लोंबकळत राहतात, हे तिला तोंडपाठ. दोन ठिकाणी निवड झाली तर कुठे जाऊ, हे मुलं आईबापांच्या आधी तिला विचारतात. सरांना विचारावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

एवढ्यांना मार्गी लावता लावता बाईसाहेबांनी स्वतः बाहेरून एम. ए. केलं. नोकरी सांभाळून, आईचं दुखणंखुपणं बघून, दुसऱ्या प्रयत्नात, पण पहिल्या वर्गात. आणि मागच्या वर्षी एक दिवस मला म्हणाली, "मी पीएच. डी.ला अर्ज करतेय."

मी हसले. ते हसू मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

"या वयात?" मी म्हटलं.

"वयाचाच तर प्रश्न आहे. आमच्याकडे अभ्यासरजा पंचेचाळिशीपर्यंतच मिळते. मला चव्वेचाळीस पूर्ण झाली. यंदा नाही तर कधीच नाही."

पाच विद्यापीठं निवडली तिनं. जेवणाच्या टेबलावर पाच फोल्डर मांडले, आणि आई पंधरा दिवस ताट मांडीवर घेऊन जेवली. "तुझ्यासाठी एवढी स्थळं पाहिली असती, तर आज मी नातवंडं खेळवत असते," आई कुरकुरायची. पण फोल्डरला हात लावायची नाही.

अर्जासोबत एक मोठा निबंध लागतो. ताईनं तो जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या नोकरांवर लिहिला. "हे बघ," भांडी घासता घासता ती मला सांगायची, "बाई दार उघडते, पाहुणा आत येतो, आणि पुढच्या ओळीत बाई नसतेच. जाते कुठे गं ती?" मला काय डोंबल माहीत! पण एका संध्याकाळी तिनं मला सगळा निबंध वाचून दाखवला, आणि ऐकता ऐकता माझा एक चांगला कुडता इस्त्रीखाली जळाला. ती हुशार आहे हे मला माहीत होतं. इतकी आहे हे त्या दिवशी कळलं.

शिफारसपत्रं दोन लागतात. एक एम. ए.च्या शिकवणीतल्या बाईंनी आनंदानं दिलं. दुसरं, जिथे नोकरी करता तिथल्या प्रमुखाचं. ताई सरांकडे गेली. सर म्हणाले, "अरे वा! तुम्हीच लिहा की, मी सही करतो." विषय कुठला, एवढंही विचारलं नाही. दोन दिवसांनी तिनं पाच प्रती पुढे ठेवल्या, त्यांनी न वाचता पाच सह्या ठोकल्या, आणि पाकिटं बंद करून त्यांच्यावर शिक्के मारले तेही तिनंच.

चार ठिकाणांहून दोन-दोन ओळींचे नकार आले. पाचव्यानं मुलाखतीला बोलावलं. तिला सगळ्यात हवं होतं ते हेच. मी सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर देव पाण्यात घालून बसले.

पाऊण तासानं ती बाहेर आली, बाटलीतलं सगळं पाणी प्यायली आणि माझ्या शेजारी बसून म्हणाली, "नाही झालं."

आत तिघं होते. मधल्या वयस्क बाईंपुढे ताईचा निबंध होता, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केलेला. अर्धा तास छान गप्पा झाल्या. मग बाईंनी एक कागद काढला. म्हणाल्या, "खरं तर हे सांगू नये. पण तुमच्या प्रमुखांनी लिहिलंय की तुम्ही वेळेवर येता, फायली नीट ठेवता आणि विश्वासू आहात. बस, एवढंच. एकोणीस वर्षं ज्यांच्यासमोर काम करताय, त्यांना तुमच्या वाचनाची गंधवार्ताही नाही? मग हा निबंध..." त्यांनी निबंध मिटून बाजूला ठेवला.

शेजारचे गृहस्थ बोलले. "बरं, त्यांना लिहिता येत नाही असंही नाही. याच वर्षी एका मुलाबद्दल लिहिलंय त्यांनी, 'हा मुलगा पुस्तकात कुठे थांबतो, ते बघत राहावंसं वाटतं.' असं लिहिणारा माणूस तुमच्याबद्दल मात्र फायलींचं लिहितो. आम्हाला जोखीम घेता येणार नाही."

"आणि तू?" मी विचारलं.

"थँक यू म्हटलं आणि उठले."

"अगं, सांगायचंस ना तोंडावर, त्या मुलाचं आणि माझं, दोन्ही पत्रं मीच लिहिलीत म्हणून!" मी ओरडलेच. दारातला शिपाई आमच्याकडे बघायला लागला.

"हळू. त्या मुलाचा प्रवेश परवाच नक्की झालाय इथे. मी बोलले असते तर त्याचं पत्र खोटं ठरलं असतं, आणि आधीच्या सगळ्यांचंही."

म्हणून आमच्या बाईसाहेब मूग गिळून बसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "एकशेचाळीस पोरांचं सोनं केलंस आणि स्वतःच्या वेळी फायली? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! त्या मुलांबद्दल तरी सरांना काय ठाऊक होतं?"

"मुलांबद्दल मला वाटायचं ते लिहायचे. स्वतःबद्दल स्वतःच तसं वाटून घ्यायचं आणि खाली दुसऱ्याची सही घ्यायची? लाज वाटली गं. म्हटलं, सरांना माझ्याबद्दल काय वाटतं तेच लिहू. दोन संध्याकाळी आठवत बसले. काही आठवेना."

"मग त्यांनाच लिहायला लावायचं होतंस!" माझा आवाज आता रडका झाला होता.

तिनं बाटलीचं झाकण लावलं. पर्समध्ये ठेवली.

"त्यांनी एवढंही लिहिलं नसतं," ती म्हणाली. "मी जरा वाढवूनच लिहिलं होतं. विश्वासू हा शब्द माझा आहे."