स्टँडचा तिसरा पाय

फोन आला तेव्हा मी नायगावच्या एका लग्नात होतो. हळदीचं शूटिंग सुरू व्हायचं होतं. उदगीरच्या अप्पांच्या मुलीचं, सुनंदाचं नाव फोनवर दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. "काका, अप्पा गेले. लातूरहून घेऊन निघालोत," एवढंच ती बोलली. सगळं सामान जोडीदाराच्या हवाली केलं आणि मुखेडमार्गे उदगीर गाठलं. अप्पांच्या समाजात माणसाला बसवून निरोप देतात. भिंतीला टेकवून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून, गळ्यात हार घालून त्यांना बसवलं होतं. घरच्यांनी शेवटचे फोटो काढायला सांगितलं, आणि कुणीतरी अप्पांनी स्वतःच्या हातानं बनवलेला कॅमेऱ्याचा स्टँड आणून माझ्यापुढं ठेवला. मी तो बाजूला सारला. हातातच कॅमेरा धरून फोटो काढले. लोकांना वाटलं, दुःखानं याला काही सुचत नाही. खरं सांगतो, तो स्टँड अप्पांच्या शेजारी उभा करायची मला भीती वाटली… आणि ती भीती त्यांनीच माझ्यात घातली होती.

मन्मथअप्पा टर्नर होते. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागं त्यांची पत्र्याची शेड, तीत लोखंड कातायचा एक जुना लेथ, आणि काम बहुतेक डाळ मिलच्या सुट्या भागांचं. माणूस किरकिरा. चहा गार झाला तरी बोलायचे आणि लई गरम असला तरी बोलायचे. वीसेक वर्षांपूर्वी तिथल्या एका लग्नात माझ्या विकतच्या स्टँडचा पाय अडकला. नळीत नळी असलेले पाय असतात, ओढले की लांब होतात आणि खटका दाबला की तिथंच आवळून बसतात. त्या खटक्यात हळद, तांदूळ, धूळ, सगळं जाऊन बसलं होतं. अप्पांनी तो खोलला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मारोती, ह्ये फरशीवर उभं राहणाऱ्या माणसानं केलेलं हाय. आपल्याकडं एक पाय ओट्यावर, एक अंगणात, अन् एक नालीच्या कडंला. ह्याला आपलं लग्न ठाऊकच न्हाई."

दोन महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि स्वतःचा स्टँड दाखवला. प्रत्येक पायात तीन नळ्या, प्रत्येक जोडावर एक कडं, कड्याच्या आत नायलॉनचा पातळ पट्टा, आणि अंगठ्यानं दाबायचा रुंद खटका. तिन्ही पाय आपापल्या उंचीला वेगवेगळे थांबायचे. काळ्या मातीत रुतू नये म्हणून खाली बशीएवढे रबरी तळवे. मी तो घेऊन गेलो आणि मग नांदेड, मुखेड, लातूर, जिथं जिथं आम्ही शूटिंगवाले एकमेकांना भेटतो तिथं तिथं मागणी झाली. अप्पा डाळ मिलवाल्यांना ताटकळत ठेवून स्टँड करू लागले. प्रत्येकाच्या कड्याखाली ठशानं नंबर मारायचे आणि कुणाला दिला ते वहीत लिहायचे. पोरीच्या सासरचा पत्ता लिहावा तसं लिहायचे, असं अप्पांच्या मंडळी, आमच्या वैनी, चिडवायच्या.

मग गेल्या वर्षीचा तो मे महिना आला. लातूरजवळ पत्र्याच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. अप्पांच्या एका स्टँडवर मोठा लाइट चढवला होता. त्याचा एक पाय हळूहळू आत सरकत होता आणि कुणालाही दिसलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली, खुर्चीवरची एक म्हातारी अक्षता टाकायला उठून पुढं गेली आणि लाइट त्या रिकाम्या खुर्चीवर येऊन पडला. खुर्चीचे दोन तुकडे झाले. म्हातारी हसली, सगळे म्हणाले, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मी अप्पांना गमतीनंच फोन केला. मी तेच वाक्य त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, "वेळेचं काय घेऊन बसलास. ती परत येती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं ते माझ्या दारात हजर. पडलेला स्टँड त्यांनी उन्हात ठेवून तपासला. उन्हानं नायलॉनचा पट्टा मऊ पडत होता, दाबून पातळ होत होता, आणि कड्याची पकड सुटत होती. खटका मात्र बंदच दिसायचा. "आवाज करून पडणारी वस्तू बरी," ते म्हणाले, "माणूस पळतंय तरी. मुकाट्यानं सरकणारी लई वाईट." त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपल्या हातच्या वस्तूखाली कुणाचा तरी जीव जाणार. मी समजावलं, वैनींनी समजावलं, सुनंदानं रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. वही काखेत मारून ते गावोगाव फिरू लागले, सगळे स्टँड परत आणायला.

लग्नसराईत स्टँड कोण देतो? लोक वैतागले. मुखेडच्या एकानं तर तोंडावर सांगितलं, "अप्पा, कशाला घाबरून राहिलात? माझा ठणठणीत हाय. सीझन झाल्यावर न्या." अप्पा वाद घालत बसले नाहीत. त्या माणसाचं लग्नाचं काम होतं तिथं गेले, स्टँडजवळ मांडी घातली आणि वरात निघेपर्यंत पाय हातानं धरून बसले. पंगतीला उठले नाहीत. लोक विचारायचे, हे बाबा कोण? त्या माणसाला शेवटी लाज वाटली, त्यानं संध्याकाळी स्टँड त्यांच्या स्वाधीन केला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू येत नव्हतं.

पावसाळ्यापर्यंत सगळे स्टँड परत आले. अप्पांनी नायलॉन काढून पितळेची, आवळता यावीत म्हणून एका बाजूला चिरलेली कडी बसवली आणि हिवाळ्याच्या तोंडावर एकेक करून सगळे परत दिले. पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "उन्हाळा बघितल्याबगर खरं न्हाई," म्हणायचे. आणि उन्हाळा लागतानाच त्यांची छाती भरली. लातूरच्या दवाखान्यात मी भेटलो तेव्हा नाकाला नळी होती, बोलताना धाप लागत होती. तब्येतीबद्दल एक शब्द नाही. हातानं जवळ बोलावलं. "सगळे उभे हायत ना?"

"हाव अप्पा. सगळे उभे हायत."

"मग बरं…" म्हणाले आणि डोळे मिटले. तीच शेवटची भेट. चार दिवसांनी सुनंदाचा फोन आला.

परवा, म्हणजे ते जाऊन महिना उलटल्यावर, मी वैनींना भेटायला उदगीरला गेलो. वैनी म्हणाल्या, "भावजी, तेवढी शेड बघून घ्या. दवाखान्यात जाताना सांगून गेलते, आतल्याला कुणी हात लावू नका, उन्हाळाभर राहू द्या. मी झाडूबी मारला न्हाई." कुलूप काढलं. आत भट्टीसारखी झळ. मधोमध एक स्टँड पूर्ण उंचीला उभा, आणि त्याच्या मधल्या हुकाला डाळ मिलच्या तराजूची लोखंडी वजनं टांगलेली. प्रत्येक नळीवर, कड्याच्या अगदी काठाला, अप्पांनी पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली होती. नवी कडी उन्हात टिकतात का, ते बघायला. मी गुडघ्यावर बसलो. पहिल्या पायाची रेघ जागच्या जागी. दुसऱ्याची जागच्या जागी. तिसऱ्याची रेघ मला दिसेना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, नखानं चाचपलं. रेघ कड्याच्या आत गेली होती.

वैनी दारातच उभ्या होत्या. "उतरलाय का वो?"

मी म्हणालो, "न्हाई वैनी. जसाच्या तसा हाय."

त्यांनी लेथवरची धूळ पदरानं पुसली, पहिल्यांदाच. "मग सुटले ते," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी कुलूप लावलं. नांदेडपर्यंत गाडीत स्वतःला समजावत होतो की वजन दुप्पट होतं, ऊन महिनाभराचं होतं, लग्नात स्टँड चार-पाच तासच उभा असतो. अप्पा असते तर यातलं एकही ऐकलं नसतं. त्यांची वही सुनंदाकडून मागवली आहे, फोन करून राहिलोय. काहींचे फोन नंबर बदललेत, काही स्टँड दुसऱ्या हाती गेलेत. म्हणून इथं लिहितो. ज्या स्टँडच्या पायाला पितळेची कडी आहे आणि कड्याखाली ठशानं मारलेला नंबर आहे, त्याच्याखाली कुणाला बसू देऊ नका. खटका बंद दिसला तरी विश्वास ठेवू नका.

आणि वैनी, हा पेपर तुमच्याकडं येतो, सुनंदा तुम्हाला वाचून दाखवील. तिसरा पाय उतरलाय. मी खोटं बोललो.