माचू पिच्चूला न गेलेली बाई

वृषाली गेल्याची बातमी मला सकाळी कळली आणि त्याच आठवड्यात झूमवरची शोकसभाही झाली. स्क्रीन उघडली तर तिच्या हसऱ्या फोटोमागे कोणीतरी माचू पिच्चूचा डोंगर चिकटवलेला. मेलबर्न, सिडनी, पुणे... कुठूनकुठून माणसं जमलेली, आणि जो तो म्हणतोय, 'काय हौशी होती, थेट माचू पिच्चूपर्यंत गेली.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, ही बाई माचू पिच्चूला गेलीच नव्हती! मुद्दाम गेली नव्हती. मी अनम्यूट करून तसं सांगितलं, तर तिचे थोरले भाऊ नितीनदादा पुण्याहून म्हणाले, "मेधा, आत्ता हे महत्त्वाचं आहे का?" हो दादा, होतं. माणूस गेल्यावर निदान ते कुठे गेलं होतं आणि कुठे नाही, एवढं तरी नीट सांगावं.

आम्ही दोघी एकाच वर्षी मेलबर्नच्या युनीत शिकायला आलो. एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये वरणभात लावला, पीआरची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, वाट पाहत एकमेकींच्या उरावर बसलो. पुढे मी मेलबर्नजवळच्या वेरिबीत स्थिरावले आणि ती पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत मेटलर्जिस्ट म्हणून गेली. लाल मातीतल्या त्या गावात ही एकटी कशी राहणार, असं सगळ्यांना वाटायचं. ती मात्र खूश होती. तापट होती, बोलायला फटकळ होती, आणि शिफ्ट संपली की पेरू देशाबद्दल वाचत बसायची. फोनवर मला पकडून ऐकवायची, "अगं, सगळे इंका इंका करतात. ते तर शेवटी आले. त्यांच्या हजार वर्षं आधी मोचे लोकांनी तांब्यावर सोन्याचा इतका पातळ थर चढवला, तोही वीज नसताना! मी आज सगळी यंत्रं घेऊन बसते ना, तरी मला घाम फुटेल."

महामारीच्या आदल्या वर्षी तिने मला ओढून पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर नेलं. एवढ्या लांब आलोय तर माचू पिच्चू बघू या, असं मी म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. "ते बघायला जग जातंय. इथे कोण येतंय?" मग काय, आठवडाभर आम्ही ऊन आणि धूळ खात हिंडलो. मोचे लोकांच्या मातीच्या विटांचे प्रचंड ढिगारे, आत भिंतीवर अजून लाल-पिवळे रंग. नंतरच्या चिमू राजांचं मातीचं अख्खं शहर, भिंतींवर मासे आणि पक्षी कोरलेले. समुद्रावर कोळी लव्हाळ्याच्या बारीक होड्यांवर घोड्यासारखे बसून लाटांवरून येत होते, तशाच होड्या जुन्या मडक्यांवर चितारलेल्या आम्ही आदल्या दिवशी पाहिल्या होत्या. एका गावात एक बाई कमरेला पट्टा बांधून, मागाचं दुसरं टोक झाडाला अडकवून तपकिरी कापसाचं कापड विणत होती. आमचा गाइड तिच्याचकडे हात करून म्हणाला, "ही लोप पावलेली कला." वृषालीने त्याला तिथल्या तिथे झापलं. "ही समोर बसून विणतेय, आणि तू हिला संग्रहालयात काय ठेवतोस?" त्या बाईला भाषा कळली नाही, पण भांडण कळलं. ती खदखदून हसली आणि गाइडकरवी आम्हाला तिने दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दफनभूमीत यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेलेल्यांचा सण होता. मला वाटलं रडारड असेल. कसलं काय! थडग्यांवर चादरी अंथरलेल्या, डबे उघडलेले, अकॉर्डियन घेऊन एक म्हातारा गात फिरतोय. त्या बाईने नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या आवडीचा मासा वाढला, मक्याच्या दारूचे थेंब जमिनीवर सांडले आणि तोच भोपळ्याचा वाडगा आमच्याकडे सरकवला. सगळे त्याच वाडग्यातून प्यायलो. मेलेल्याच्या वाटणीचं पान मागाहून कोणाला तरी खाऊ घालायचं, ते वाया घालवायचं नाही, हा तिथला रिवाज. वृषालीने ते पान चाटूनपुसून संपवलं आणि मला म्हणाली, "माझ्यासाठी कोणी तोंड पाडून बसायचं नाही हं. माझ्या शेजारी बसून जेवायचं आणि माझं पान कोणाला तरी खायला घालायचं. चेष्टा नाही करत मी."

पुढच्याच वर्षी सगळं बंद झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. इथे मेलबर्नला लॉकडाउन, तिकडे पश्चिमेच्या राज्याची हद्द बंद. एकच देश, एकच पासपोर्ट, आणि मला माझ्याच देशात जायला परवानगी हवी! अर्ज केला. मैत्रीण हे जवळचं नातं धरत नाहीत, असं उत्तर आलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आय अंडरस्टँड." काय अंडरस्टँड, डोंबल? एका खोलीत वर्षानुवर्षं राहिलेली माणसं तुमच्या कुठल्या रकान्यात बसतात? फुटबॉलवाले विमानात बसून ये-जा करत होते, ते टीव्हीवर बघायचं आणि हॉस्पिटलला फोन लावायचा. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर ती इतकी वाळली होती... पण जीभ तशीच. "रडू नकोस, मेधे. जेवण विसरू नकोस."

मी नितीनदादांना तिची इच्छा सांगितली. तेही बिचारे पुण्यात अडकलेले, हे मला कळतं. पण त्यांनी काय म्हणावं? "ती तिकडची थेरं आपल्यात नकोत." गुरुजींनी पुण्यातून ऑनलाइन मंत्र म्हटले, कालगुर्लीत तिच्या कामावरची माणसं उभी राहिली, झालं. कोणी तिच्या शेजारी बसून घासभर खाल्लं नाही. अस्थी तिची सहकारी ट्रिश हिच्याकडे राहिल्या. तिने मला विचारलं, "पोस्टाने पाठवू का, लव्ह?" नितीनदादा म्हणाले, विमानं सुरू होईपर्यंत तुझ्याकडे ठेव. म्हणजे बघा, मी जिवंतपणी जी हद्द ओलांडू शकले नाही, ती वृषालीने मेल्यावर पार्सल होऊन ओलांडली. डिलिव्हरीवाल्याने खोका पायरीवर ठेवला, फोटो काढला, लांबूनच हात केला आणि गेला. मी दारातच बसून मोठ्याने शिव्या दिल्या. कोणाला ते मलाही माहीत नाही.

गेल्या रविवारी मी तिच्या आवडीची डाळिंब्यांची उसळ केली. मोड आलेले वाल सोलायला दोन माणसं हवीत, एकटीने सोलताना बोटं कुजतात. खोका मागच्या अंगणातल्या टेबलावर ठेवला, दोन ताटं वाढली, बिअरचे थेंब गवतावर सांडले आणि जेवता जेवता तिच्याशी कडाकडा भांडले. एवढे दिवस दुखत होतं तर डॉक्टरकडे का गेली नाहीस? मला आधी का नाही सांगितलंस? माझं ताट संपलं, तिचं तसंच. घरात पाहुणा बोलवायला बंदी. शेवटी कुंपणापलीकडे गवत कापणाऱ्या टोनीला हाक मारली आणि ताट वरून पुढे केलं.

"कोणाचं आहे हे?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचं. ती नुकतीच गेली."

त्याने टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं, मास्क हनुवटीखाली ओढला. मग पलीकडे उभ्याउभ्याच, तिखटाने नाक पुसत, त्याने ताटातला दाणा न् दाणा संपवला.