जावयाच्या हातात पाय

नागपूर जिल्ह्यात अंग रगडून देणारे पुष्कळ असतील, पण तेलाच्या बाटलीचं झाकण उघडायच्या आत अख्खी गल्ली रिकामी करून दाखवणारा माणूस एकच, आणि तो आमच्या नशिबी जावई म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. मालिशच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी सुरू केला त्या वर्षी मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत कंबरदुखीची तक्रार करणं लोकांनी सोडून दिलं होतं. शेजारचे काका तर कमरेत उसण भरलेली असतानाही भाऊजी दिसले की ताठ चालायचे. इतका गुण मी कोणत्याच औषधाचा पाहिला नाही.

भाऊजी मूळचे खाप्याचे. कन्हानकडे कोळशाच्या एका वजनकाट्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच टायर पाहून तो किती भरला आहे हे ते सांगत, आणि पुढेपुढे ही खोड माणसांवर उतरली. माझ्या लग्नात स्टेजवर फोटोसाठी माझ्या सासूबाईंशेजारी उभे राहिले, एकदा त्यांच्या चपलांकडे पाहिलं आणि भर फोटोत म्हणाले, "बासष्ट. शालू धरून चौसष्ट." त्या फोटोत सगळे हसताहेत, सासूबाई सोडून. मी समजावायला गेलो तर म्हणाले, "माणसाचं वजन तोंडावर नसते बाबू, पायात असते. पाय पाहाचे." मी हट्टाने घरचा काटा आणून त्यांना खोटं पाडायचं ठरवलं. त्यांनी माझं वजन सांगितलं, मी काट्यावर चढलो, काट्याने वेगळा आकडा दाखवला. भाऊजींनी काटा उचलला, उलटा केला, कानाला लावला आणि परत दिला. "तुहा काटा बिघडला. माहा काटा चुकत नाही." ही त्यांची जन्माची घोषणा. वाद घालून पाहा, हात टेकाल.

पण वजनकाट्यावर एक दिवस यंत्र बसलं. ट्रक येतो, पावती आपोआप निघते, टायर पाहणाऱ्या माणसाची गरज संपली. भाऊजी घरी बसले. ताईने शिवणकाम वाढवलं. आणि इथून पुढची भानगड कळायची तर आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तिकडे पुण्यामुंबईकडे जावई सासूच्या पाया पडतो म्हणे. आमच्याकडे उलटं. सासू जावयाच्या पाया पडते. जावई म्हणजे देवाच्या बरोबरीचा, मग तो कामाचा असो की बिनकामाचा. आमची आई तर या बाबतीत कट्टर. भाऊजी दारात आले की डोक्यावर पदर, वाकून नमस्कार, पाट, पाणी. त्यांच्याशी सरळ बोलणं नाही. ते समोर बसलेले असताना ही मला विचारणार, "त्याहीले विचार गा, भाजी अजून वाढू काय?" आणि भाऊजी मला सांगणार, "आईले म्हण, पुरे." दोघांच्या मध्ये मी टेलिफोनच्या खांबासारखा. इतक्या वर्षांत आईने त्यांच्यासमोर पाय लांब करून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

नोकरी गेल्यावरही आईचा नमस्कार तसाच राहिला, आणि तेच भाऊजींना लागलं. एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसले असता अचानक म्हणाले, "आई पाया पडते तं मले लाज वाटून राह्यली गा. रिकाम्या माणसाच्या कोणी पाया पडते काय?" हा माणूस कधी असं बोलत नाही हो.

त्यातच कोराडी रोडवर लकव्याच्या आणि मणक्याच्या रोग्यांसाठी एक केंद्र उघडलं. तिथल्या व्यवस्थापकांनी भाऊजींचे हात पाहिले, म्हणाले, माणूस चांगला आहे, पण मालिशची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र आणा, त्याशिवाय रोग्याला हात लावू देता येत नाही. जागा ठेवतो. बस्स. भाऊजी अभ्यासाला बसले.

मालिशला परीक्षा असते हे ऐकून गल्ली हसली. मीही हसलो. पण पुस्तक पाहिलं आणि माझं हसू गेलं. स्नायू, हाडं, शिरा, कुठे दाबायचं, कुठे चुकूनही दाबायचं नाही, कोणाला हात लावायचाच नाही. भाऊजींनी ते पुस्तक अंगात भिनवलं, म्हणजे अक्षरशः, आणि अंग माझं होतं. दर रविवारी मला पालथं घालून निळ्या पेनाने पाठीवर स्नायूंच्या हद्दी आखत आणि नावं लिहीत. जिथे आठवत नसे तिथे प्रश्नचिन्ह. एकदा खोकला झाला म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शर्ट वर करायला सांगितला आणि माझी पाठ वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "हा खांद्याखालचा चुकलाय." मी भाऊजींना येऊन सांगितलं, तर खोकल्याची चौकशी न करता पेन घेऊन आले.

जेवणातही सुटका नव्हती. सावजीकडे मटण खायला गेलो, तर्रीवर लिंबू पिळलं, आणि भाऊजींनी ताटातला तुकडा बोटावर उचलून धरला. "ही पाह बाबू, मांडीच्या मागची शीर. बकरा चढावर चरत असन." माझ्या बायकोने ताट सरकवलं ते सरकवलंच. त्या दिवसापासून ती सावजीकडे बेसनाची पाटोडी खाते.

पण पाठ झाली, मान झाली, हात झाले, पायाचं काय? परीक्षेत पायाला वेगळे गुण, आणि भाऊजींना पाय कोणी देईना. ताईला गुदगुल्या होतात. तिने पहिल्याच दिवशी अशी लाथ झाडली की भाऊजींचा चष्मा कूलरखाली गेला. शेजारी तर आधीच पळालेले. राहिलो मी. मी पाय पुढे केला, तशी आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. "काहून गा, लाज वाटत नाही? जावयाच्या हातात पाय देतं? पाप लागन, पाप! त्याहीच्या हातात पाय दिला तं या घरात पाय ठेवजो नको." भाऊजी समोरच होते. आईने त्यांच्याकडे न बघता त्यांना नमस्कार केला आणि लाटणं घेऊन परत गेली.

झालं, पहिल्या खेपेला भाऊजी पायातच नापास झाले. लेखी उत्तम, पाठ उत्तम, आणि पाय हातात आल्यावर त्यांना सुचेना. शिवाय समोरच्या अनोळखी माणसाला त्याचं वजन सांगून बसले. केंद्राच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, अजून एक खेप थांबतो.

दुसऱ्या खेपेचा नियम असा की ज्याच्यावर मालिश करून दाखवायची तो माणूस आपला आपण आणायचा, आणि तो ठणठणीत हवा. अर्थातच मी. आईला न सांगता परीक्षेच्या खोलीत गुपचूप पाय देऊन टाकायचे असा आमचा बेत होता. आदल्या संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "मानीवर एक हात फिरवून देतो, मोकळी वाटन." फिरवला. सकाळी उठलो तर मान डावीकडे अशी अडकली की मला आरशात बघायला तिरकं उभं राहावं लागलं. भाऊजी आले, माझ्याकडे बघून मटकन पाटावर बसले. "गेलं गा बाबू," एवढंच म्हणाले. ताई रडकुंडीला आली. माझी बायको म्हणाली, "यांच्याऐवजी आता कोण जाणार?"

आई दारात उभी होती. तिने पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "त्याहीले सांग, मी येतो."

"आई, पायाची मालिश आहे," मी म्हटलं.

"आयकू आलं मले. जावई नापास झाला त त्याचं पाप कोणाच्या डोक्यावर? चाला, ऑटो बोलाव."

ऑटोत आई आणि भाऊजी दोन टोकांना, मध्ये माझी वाकडी मान.

परीक्षेच्या खोलीत परीक्षक बाई होत्या, पुण्याकडच्या. घरचीच वडीलधारी बाई म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. मी दाराच्या काचेतून पाहत होतो, म्हणजे सबंध अंग वळवून पाहत होतो. आई टेबलावर चढण्याआधी थांबली, वाकली आणि भाऊजींच्या पाया पडली. परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "हे काय?" भाऊजी म्हणाले, "सासू आहे, मॅडम." बाईंना काही उमगलं नाही, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

नियमाप्रमाणे रोग्याला दाब कसा वाटतो हे विचारावं लागतं. भाऊजींनी आईकडे न बघता आदबीने विचारलं, "दाब बरा आहे का?" आई परीक्षक बाईंना म्हणाली, "त्याहीले सांगा बाई, बरा आहे." बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना, ते इथेच आहेत." आई म्हणाली, "तेच त म्हणतो, सांगा." खांबाचं काम माझ्याकडून पुण्याकडे गेलं.

मग भाऊजींनी उजवा पाय हातात घेतला. ह्या वेळी अडले नाहीत. भेगाळलेली टाच, वाकडी झालेली करंगळी, वर पोटरीच्या गाठी, सगळ्यावरून अंगठा सावकाश फिरत गेला. त्यांनी वजन सांगितलं नाही. आणि थोड्याच वेळात खोलीत एक आवाज सुरू झाला. आई घोरत होती.

आमची आई दिवसा झोपत नाही. ताप आला तरी बसून राहते. ती परक्या टेबलावर, परक्या बाईसमोर, जावयाच्या हातात पाय देऊन गाढ झोपली होती. डोक्यावरचा पदर घसरून उशीवर आला होता.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "डावा पाय बाकी आहे. झोपलेल्या माणसावर करता येत नाही, दाब विचारावा लागतो. त्यांना उठवा, थोडं कुशीवर वळवा."

भाऊजी म्हणाले, "राहू द्या, मॅडम."

"गुण जातील तुमचे."

"जाऊ द्या. झोपू द्या तिले."

मी काचेवर बोटं वाजवली, डोळे वटारले, मान हलवायचा प्रयत्न केला आणि कळ मस्तकात गेली. भाऊजींनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चादर ओढून आईच्या पायांवर घातली आणि वेळ संपेपर्यंत हात बांधून उभे राहिले. बाहेर आल्यावर मी भडकलो. "येडे आहात काय भाऊजी? नोकरी हातातून चालली!" ते म्हणाले, "तू तिचे पाय पाह्यले काय कधी?"

नापासच झाले. निकाल मोबाइलवर आला तेव्हा आम्ही सगळे बैठकीत होतो. ताईने वाचून दाखवलं, पाय सोडून सगळं पास. आईने विचारलं, पायात काय झालं? शेवटी माझ्या बायकोने सांगून टाकलं, आई, तुम्ही झोपलात. आई आत गेली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती पाट घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी वाकून भाऊजींच्या पाया पडली, मग पाटावर बसली आणि आमच्या सगळ्यांसमोर डावा पाय लांब केला.

"डावा राह्यला होता न, जावईबापू," ती म्हणाली. माझ्या तोंडून नाही, सरळ त्यांना.

भाऊजी उठून खिडकीपाशी गेले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग तेल आणायला गेले.

त्यानंतर काय विचारता! आईने पाय दिले म्हटल्यावर पापच उरलं नाही. शेजारच्या काकूंनी दिले, आत्या आली तिने दिले, उसणवाले काका तर रांगेत पुढे. तिसऱ्या खेपेला भाऊजी पास झाले. व्यवस्थापकांनी तोपर्यंतही जागा ठेवली होती, भल्या माणसाने. आता ते लकव्याच्या रोग्यांचे पाय चालते करायला धडपडतात, पांढरा कोट घालतात आणि कोट घातल्यावर आम्हाला ओळख कमी दाखवतात.

पण रविवारी येतातच. आई वाकायला आता भिंत धरते, तरी नमस्कार चुकवत नाही. आधी ती त्यांच्या पाया पडते, मग ते तिचे पाय धरतात. सरळ बोलतातही एकमेकांशी, नागपूरच्या उन्हाबद्दल, कोथिंबिरीच्या भावाबद्दल. मी खांब, निवृत्त.

गेल्या रविवारी आईचा डोळा लागला तेव्हा भाऊजी तिचा पाय मांडीवर घेऊन तसेच बसले होते. मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "बाबू, आईचे पाय हलके होऊन राह्यले गा."

मी नेहमीचं तोंड करून म्हटलं, "तुमचा काटा चुकला असन, भाऊजी."

मी वाट पाहिली. आता हा माणूस उसळेल, माझा काटा बिघडला म्हणेल, मला बासष्ट-चौसष्ट ऐकवेल. भाऊजींनी वाटीतलं तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात चोळून गरम केले आणि आईची टाच हातात धरली.

"हो," ते म्हणाले, "चुकला असन."