कोळशावरच्या जीपला हिरवा रंग

शेषरावने ओला कोळसा भरला, असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मी इंजिनिअर आहे. जीप का बंद पडली हे मला बॉनेट न उघडताच कळलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी मीच ती बंद पाडली होती. हत्यार म्हणाल तर रंगाचा ब्रश.

लोणारच्या विश्रामगृहासमोर ती जीप उभी होती. आत मंत्री बसले होते, गळ्यात हार होता आणि जीप हलत नव्हती.

पेट्रोलचे भाव भडकले, त्या वर्षांतली ही गोष्ट. सरकारी गाड्यांचा पेट्रोलचा कोटा निम्म्यावर आला होता. आमच्या साहेबांना आठवलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाजगी सर्व्हिस मोटारी, म्हणजे प्रवासी बस, कोळशावर धावायच्या. त्यांनी मला चिखलीच्या वर्कशॉपमधून बोलावलं आणि म्हणाले, "आपली एक जीप कोळशावर करा. जिल्ह्याचं नाव निघालं पाहिजे." जिल्ह्याचं म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही.

तंत्र अवघड नाही. जीपच्या मागे पिंपाएवढी बंद भट्टी बसवायची. तिच्यात बाभळीचा कोळसा भरून पेटवायचा, पण धगधगू द्यायचा नाही, घुसमटत ठेवायचा. मोजकी हवा मिळाली की त्यातून जळणारा गॅस निघतो. तो ओल्या काथ्यातून गाळून घेतला की इंजिन त्याच्यावर चालतं. हवा आत जाण्यासाठी भट्टीच्या बुडाशी बारीक जाळी असते. तेच तिचं नाक.

शेषराव आमचा रोजंदारीवरचा ड्रायव्हर. हा प्रयोग जमला की तुला कायम करू, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. तो कोळसा वर्कशॉपच्या पत्र्यावर पापडासारखा वाळवायचा. एकदा मला म्हणाला, "बायको म्हणते, घरचे गहू उन्हात टाका म्हटलं तं तुमची कंबर दुखते, अन् सरकारच्या कोळशाले मात्र सारखे उलथेपालथे करून राह्यले!"

चाचणीत जीप चालली. चढावर सायकलवाले आमच्या पुढे जात, मागे वळून हसत, पण चालली. मग मंत्र्यांचा दौरा ठरला. आदल्या दिवशी आम्ही जीप लोणारला नेली. पेट्रोलवर. कोट्यातलं पेट्रोल तेवढ्यातच संपलं; कोळसा कार्यक्रमासाठी राखून ठेवला होता.

आमच्या खात्यात दौरा आला की आधी रंगाचा डबा उघडतो. विश्रामगृहाच्या वाटेवरचे दगड चुन्याने पांढरे झाले होते, झाडांना कमरेपर्यंत गेरू लागला होता. संध्याकाळी साहेबांची नजर भट्टीवर गेली.

"हे काळं पिंप मंत्र्यांना दाखवणार?"

"साहेब, ती भट्टी आहे. तापते. रंग जळेल."

"पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे हो. तेवढा टिकेल. हिरवा द्या, शेतीचा रंग आहे."

मी आणखी बोलायला हवं होतं. त्याऐवजी ब्रश घेतला. पेंटर दगडांत गुंतला होता आणि साहेब खुर्ची टाकून बघत बसले होते. एकदा रंगवायला लागलो आणि मलाच हुरूप आला. शेवटी जाळीच तेवढी काळी उरली. ती डोळ्यांत खुपत होती, म्हणून तिच्यावरूनही हात फिरवला. सकाळी तारेने भोकं मोकळी करू, असं मनाशी म्हटलं. सकाळी मला हार आणायला मेहकरला पाठवलं. परत आलो तेव्हा मंत्री पोचले होते आणि जाळी माझ्या डोक्यातून गेली होती.

शेषरावने भट्टी पेटवून ठेवली होती. भट्टीत हवा खेचणारा पंखा तो हाताने फिरवत होता, पण नाकच बुजलेलं, गॅस बनणार कुठून? आधी रंगाला फोड आले, मग धूर, मग असा वास की मंत्र्यांनी हारातच नाक खुपसलं. इंजिन एकदा खोकलं, जीपने एक हिसका दिला आणि सगळं शांत झालं.

फोटोग्राफर सुलतानपूरहून आला होता, त्याला रिकामा कसा पाठवायचा? रस्त्याने एक शेतकरी बैल घेऊन चालला होता. साहेबांनी त्याला थांबवलं, दोर मागवला आणि जीप ओढून घेतली. मंत्री हात हलवत होते. बैलवाला मागे बघून म्हणाला, "साहेब, हे गाडी बैलाच्या गॅसवर चालते काय?"

मंत्री मनापासून हसले. साहेब हसले नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "काय झालं?"

शेषराव माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "कोळसा ओला होता, साहेब. ड्रायव्हरने लक्ष दिलं नाही."

"ओला?" शेषराव म्हणाला. "इंजिनिअर साहेब, तुम्हीच तं रोज पाहत होते मले पत्र्यावर!"

मी जाळीकडे पाहिलंही नाही. त्याच आठवड्यात त्याला कामावरून कमी केलं. जीपवरची भट्टी काढून टाकली. त्या दौऱ्यात जीपने पेट्रोल वाचवल्याचं खात्याने वर कळवलं. बैलांपुरतं ते खरंच होतं. मला बढती मिळाली. त्यातून मी एवढंच शिकलो, की सरकारी यंत्र बंद पडलं की आधी माणूस शोधतात, बिघाड नंतर.

पुढच्या उन्हाळ्यात मी चिखलीच्या स्टँडवर प्रल्हादभाऊंच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो होतो. त्यांच्या दोन जीपा भाड्याने चालत. एक माणूस त्यांच्याकडे ड्रायव्हरकी मागत होता. आवाज ओळखीचा वाटला.

"तू तोच ना बे, मंत्र्याले बैलानं ओढवणारा?" प्रल्हादभाऊ म्हणाले. "ओला कोळसा! माझ्या टाकीत पाणी ओतशील तू."

बाकीचे ड्रायव्हर हसले. चिखलीत त्याला कुणीच स्टिअरिंगला हात लावू देत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. शेषराव जायला वळला.

मी खाली उतरलो. "प्रल्हादभाऊ, कोळसा कोरडा होता. हवेची जाळी मी रंगाने बुजवली आणि नाव याचं सांगितलं."

प्रल्हादभाऊंनी मला विचारलं, "मंग इतके दिवस तोंडात काय सुपारी होती साहेब?" मग शेषरावकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी ये. मेहकरची फेरी घे."

शेषराव हलला नाही. मला म्हणाला, "हे लोणारले बोलाचं होतं."

"हो."

"तिथं सारा गाव होता. इथं तुम्ही कानात बोलल्यासारखे बोलता. त्या पानठेल्यावर आयकू गेलं का? तिथंच सारे मले रोज 'ओला कोळसा' म्हणते."

ऐकू गेलं नव्हतं. मी पानठेल्याकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "यांचा कोळसा कोरडा होता! जीप मी बंद पाडली, आणि खोटंही मीच बोललो! शेषराव, मला माफ करा."