वेळ विचारायची राहिली

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, दिल्लीत शेवटच्या आजारात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईला तिच्याशी एकदा बोलायचं होतं, बाकी काही नको होतं.

आमच्याकडे एवढा लांबचा प्रवास देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरवाने देवीला कळ्या लावल्या, आईने मंगळवार मागितला, उजवी कळी पडली. कौल मिळाला. देवळातून येतानाच आई म्हणाली, "बाजारातल्या तिकीटवाल्याकडसून काढ गो. काय बदल झालो तर तो घराक येऊन सांगता."

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिकीटवाल्याच्या दारात उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. एका वेबसाइटवर तेच तिकीट थोडं स्वस्त दिसलं, ते पाच मिनिटांत काढलं आणि आईला मोबाइलवर दाखवलं. दीडशहाणेपणाची माझी हौस जुनी आहे.

विमान दुपारी अडीचचं होतं. बाराला आम्ही गोव्याच्या विमानतळावर पोचलो. आईच्या पिशवीत बहिणीसाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ होतं. तिला खुर्चीत बसवून मी काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने सांगितलं, विमान साडेदहालाच गेलं. वेळ बदलल्याला आठवडा झाला.

"आम्हाला कोणी कळवलं नाही."

"तुमच्या एजंटला कळवलंय, मॅडम."

"कसला एजंट? तिकीट मी स्वतः काढलंय."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे ईमेल आणि फोन नंबर, दोन्ही त्या वेबसाइटचे होते. वेबसाइटला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक माणूस म्हणाला, विमान कंपनीशी बोला. काउंटरवरची म्हणाली, तिकीट एजंटचं आहे, आम्हाला हात लावता येत नाही. नियमाने दोघंही बरोबर असतील. मला मात्र रडू येत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

आईला जाऊन एवढंच सांगितलं, "विमान आधीच गेला गे आये. वेळ बदलली."

नवं तिकीट गुरुवारचं मिळालं, तेही काउंटरवरच काढलं.

मावशी बुधवार दुपारपर्यंत बोलत होती. "बाय खंय पोचली?" असं तिने आईबद्दल दोनदा विचारलं, हे नंतर मावसबहिणीने सांगितलं. गुरुवारी आई तिचा हात धरून बसली तेव्हा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. शनिवारी मावशी गेली. पिशवी तशीच दिल्लीतल्या स्वयंपाकघरात राहिली.

बारावं आटोपून परत आलो, आणि दुसऱ्याच दिवशी आई देवळात गेली. मी सोबत होते. देवीपुढे हात जोडून ती म्हणाली, "माका क्षमा कर गे माये. दिस इचारलंय, येळ इचारूक इसारलंय."

गुरवाने मान डोलावली. पायऱ्या उतरताना आई मला म्हणाली, "तुजी काय चूक नाय गो. माजीच."

बदलाचा निरोप वेबसाइटकडेच राहिला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दर मंगळवारी ती देवीपुढे तीच चूक कबूल करते. मी शेजारी हात जोडून उभी असते.