लास्लोचा पासपोर्ट

आज पत्रकं आणायला छापखान्यात गेलो आणि ओल्या शाईच्या वासाने मला थेट मस्कतजवळच्या गाला नावाच्या औद्योगिक वसाहतीत नेलं.

तिथल्या छापखान्यात लास्लो आमचा फोरमन होता. तो रुमानियातल्या हंगेरियन अल्पसंख्याकांचा पुढारी. मुलांना हंगेरियनमधून शिकता यावं म्हणून नगरपालिकेत भांडलेला. त्याच्या पक्षाने सत्तेसाठी ती मागणी सोडली, तेव्हा राजीनामा देऊन मस्कतला कामाला आलेला. एके दिवशी गावाहून फॅक्स आला : निवडणुकीला अपक्ष उभा राहा, गुरुवारच्या आत येऊन अर्ज भर.

पण आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात असायचे.

"कॅटलॉगचं काम संपल्याशिवाय मिळणार नाही," मॅनेजर म्हणाला. "पंतप्रधान होणारेस का?" मग आमच्याकडे वळून, "आणखी कुणाला हवाय पासपोर्ट?"

लास्लोने माझ्याकडेच पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला रोज हक्कांवर भाषण देणारा मीच होतो. शेजारच्या रशीदभाईंनी माझं मनगट दाबलं. "गप ऱ्हा. बहिणीचं लग्न व्हायचंय ना तुझ्या?"

मी खाली मान घालून कागदाची थप्पी सारखी करत राहिलो.

गुरुवार गेला. त्या गप्प राहण्याला मी कित्येक वर्षं शहाणपण म्हणत आलो. आज तो शब्द तोंडातून निघत नाही.